ग्रोमॅक्सच्या दोन टेस्ट नापास. सर म्हणतात, चालतंय, पुढे जा

या महिन्यातली तीन पत्रं एकाच शंकेभोवती फिरतात: सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसलं खरं, पण ते बरोबर गणित करतंय हे ओळखायचं कसं? पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. ते लिहिणाऱ्या मुलीचं काम या घडीला अडलेलं आहे आणि तिला आलेली शंका रास्त आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी नाशिकमध्ये फार्मसीत पीएच.डी. करते. आम्ही तयार केलेला रेणू एका प्रोटीनमध्ये किती टिकून बसतो हे पाहण्यासाठी ग्रोमॅक्स हवं होतं, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर. विभागातल्या उबुंटूच्या कॉम्प्युटरवर मी ते सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, कम्पाइल केलं. प्रोग्राम बांधणारी ‘मेक’ ही आज्ञा कुठेही न अडता पूर्ण झाली. मग ‘मेक चेक’ दिलं, तर शेवटी आलं की 92 पैकी 2 टेस्ट नापास. एकीपुढे ‘टाइमआउट’ लिहिलंय. दुसरीचं नाव ‘रिग्रेशनटेस्ट्स/कॉम्प्लेक्स’, तिच्यापुढे नुसतं ‘फेल्ड’. गाईड सर म्हणाले, 98 टक्के पास आहे, चालतंय, इन्स्टॉल करून 100 नॅनोसेकंदांच्या सिम्युलेशनचा रन लाव, पुढच्या महिन्यात प्रगती अहवाल द्यायचाय. मी रन लावला, पण मन खातंय. काय करू?
— एक संशोधक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : रन थांबव. हा अंक हातात पडेपर्यंत तो संपला असेल, तर त्यातले आकडे अहवालात घालू नकोस. हे काम दोन-तीन दिवसांत मार्गी लागण्यासारखं आहे.

आधी त्या 98 टक्क्यांचं बघू. परीक्षेत एका प्रश्नात गेलेले गुण दुसऱ्यात भरून निघतात. इथे तसं होत नाही. प्रत्येक टेस्ट प्रोग्रामचा वेगळा सांधा हलवून पाहते. एक टेस्ट फाइल नीट वाचली जाते का ते बघते, एक अणूंमधली अंतरं तपासते, एक दूरवरच्या विद्युतभारांची बेरीज जमते का ते पाहते. तुझ्या नापास झालेल्या दोनांपैकी ‘कॉम्प्लेक्स’ नावाची जी आहे, तिच्यात खरीखुरी छोटी सिम्युलेशन्स चालवली जातात. म्हणजे तुझा रन जे करणार आहे नेमकं तेच. बाकीच्या नव्वदांनी ही उणीव भरून निघत नाही.

माझे वडील सराफ बाजारात एका पेढीवर काट्यावर बसायचे. सकाळी भवानी व्हायच्या आधी ते काटा तपासायचे. काचेच्या पेटीतला काटा, वजनं उचलायला चिमटा, कारण बोटाचा घामसुद्धा वजनाला लागू द्यायचा नाही. रिकामी पारडी समोरासमोर आली की काटा खरा, असं मला लहानपणी वाटायचं. वडील म्हणायचे, ‘रिकामा काटा कुणाचाही सरळ राहतो, पासंग लावला की झालं.’ मग ते शिक्क्याची पन्नास ग्रॅमची दोन वजनं दोन पारड्यांत ठेवायचे आणि नंतर तीच वजनं अदलाबदल करून पुन्हा बघायचे. दांडीची एक बाजू केसभर लांब असली तर रिकामेपणी पासंग ते झाकतो. वजन चढलं की ते उघडं पडतं.

‘मेक’ न अडता झालं, ‘जीएमएक्स’ टाइप केल्यावर प्रोग्राम उघडला, हा झाला तुझा रिकामा काटा. ‘मेक चेक’ म्हणजे शिक्क्याचं वजन. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी छोटी गणितं तुझ्या कॉम्प्युटरकडून करून घ्यायची आणि जुन्या उत्तराशी ताडून पाहायची. आता वजन ठेवल्यावर पारडं झुकलंय. ते का झुकलं हे शोधायचं.

त्या दोन टेस्ट नापास होण्याची कारणं वेगवेगळी असणार, त्यामुळे त्या वेगवेगळ्याच हाताळ. बिल्डच्या, म्हणजे जिथे कम्पाइल केलंस त्या, फोल्डरमध्ये ‘टेस्टिंग’, त्याच्या आत ‘टेम्पररी’, आणि त्यात ‘लास्टटेस्ट’ नावाची लॉग फाइल आहे. प्रत्येक टेस्टने काय म्हटलं ते सगळं तिथे सापडतं. पुन्हा सगळ्या टेस्ट चालवत बसायची गरज नाही. टेस्ट चालवणाऱ्या ‘सीटेस्ट’ला ‘रीरन-फेल्ड’ आणि ‘आउटपुट-ऑन-फेल्युअर’ हे दोन पर्याय दिलेस की फक्त नापास झालेल्या टेस्ट चालतात आणि त्यांचं म्हणणं थेट पडद्यावर येतं.

‘टाइमआउट’चा अर्थ गणित चुकलं असा नाही. ठरलेल्या वेळात ते पूर्ण झालं नाही, एवढंच. विभागातला कॉम्प्युटर म्हणजे त्यावर आणखी कुणाचा तरी रन चालू असणार, किंवा मे महिन्यात दुपारी बंद खोलीत प्रोसेसर तापून मंद झाला असेल. बाकीची कामं थांबव, शक्यतो सकाळी, ती एकच टेस्ट पुन्हा चालव. पास झाली तर वहीत नोंद कर आणि पुढे जा. मोकळ्या कॉम्प्युटरवरही ती तिथेच अडून बसली, तर मात्र प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग एकमेकांची वाट बघत थांबलेत असं समज. मग त्या भागांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या एमपीआयचं इन्स्टॉलेशन तपासावं लागेल.

खरी काळजी ‘कॉम्प्लेक्स’ची. ही टेस्ट तीन गोष्टी ताडून बघते: ऊर्जा, अणूंवरची बलं आणि व्हिरियल, म्हणजे दाबाच्या हिशोबातली राशी. जिथे फरक सापडला त्या उदाहरणाच्या फोल्डरात ‘चेकपॉट’, ‘चेकफोर्स’ किंवा ‘चेकव्हिर’ नावाची फाइल पडलेली असते आणि लॉगमध्ये तिचा पत्ता दिलेला असतो. ती उघड. एकेका ओळीत दोन आकडे दिसतील: एक संदर्भाचा, म्हणजे ग्रोमॅक्स लिहिणाऱ्यांनी सोबत दिलेला, आणि दुसरा तुझ्या कॉम्प्युटरचा.

हे दोन आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळतील अशी अपेक्षा धरू नकोस. ग्रोमॅक्स सहसा ‘मिक्स्ड प्रिसिजन’मध्ये चालतं. त्यातलं बरंचसं गणित सुमारे सातच सार्थ अंक धरून होतं. शिवाय कॉम्प्युटरवर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो. हजारो बलांची बेरीज चार थ्रेडनी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार भागांनी, केली की एक उत्तर येतं, आठांनी केली की किंचित निराळं, आणि दोन्ही योग्यच. म्हणून टेस्ट लिहिणाऱ्यांनी थोडी सूट ठेवलेली असते, तिला टॉलरन्स म्हणतात. आणि म्हणूनच ही सिम्युलेशन्स मोजक्याच पावलांची असतात. लांब रनमध्ये तो किंचितसा फरक वाढत जातो आणि दोन निर्दोष कॉम्प्युटरवरही अणूंच्या वाटा वेगळ्या होतात.

तर ती फाइल बघताना असं बघ. सुरुवातीचे पाच-सहा अंक जुळताहेत आणि फरक सुटीच्या जरासा बाहेर गेलाय, तर बहुधा कम्पायलरने क्रियांचा क्रम बदललाय. तुझ्या आवृत्तीच्या पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीत त्याबद्दल काही लिहिलंय का बघ आणि शक्यतो तीच आवृत्ती घे. पण दुसऱ्या-तिसऱ्या अंकातच फरक असेल, किंवा आकड्याच्या जागी ‘एनएएन’, म्हणजे संख्याच नसलेलं उत्तर, असेल, तर या बिल्डवर एक नॅनोसेकंदही चालवू नकोस.

मग दोष कुठे आहे हे शोधायची एक सरळ रीत आहे. नवं, कोरं बिल्ड फोल्डर घे. जुन्यात सी-मेक, म्हणजे कम्पाइल करण्याची मांडणी करणारं साधन, आधीच्या निवडी लक्षात ठेवून बसलेलं असतं, आणि आपण बदललं असं वाटलेलं पुष्कळदा बदललेलंच नसतं. ग्रोमॅक्स कम्पाइल होताना तुझ्या प्रोसेसरला जमणारी सर्वांत वेगवान सूचना-पद्धत निवडतं, उदाहरणार्थ एव्हीएक्स-2 किंवा एव्हीएक्स-512. पहिल्या फेरीत ‘जीएमएक्स-सिमडी’ला ‘नन’ सांगून हा वेग बंद कर, ग्राफिक्स कार्डाचा वापरही बंद कर, आणि ‘मेक चेक’ दे. हे बिल्ड अतिशय हळू चालेल. हळू चालू दे. टेस्ट पास झाली, तर मूळ गणित ठीक आहे आणि गडबड त्या दोघांपैकी एकात आहे. मग एकेक परत चालू करत जा, आणि दर वेळी एकच. साध्या बिल्डमध्येही टेस्ट नापास झाली, तर कम्पायलरची दुसरी आवृत्ती घेऊन बघ.

या टप्प्यावर कुणीतरी सल्ला देईल की टॉलरन्स थोडा वाढव, टेस्ट पास होते. होते खरी. पण हा पासंग झाला. काटा सरळ दिसेल आणि माल खोटा तोलला जाईल.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्या हातून असं झालेलं आहे. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची प्रमुख होते. एका विभागासाठी एक गणिती प्रोग्राम मीच कम्पाइल करून दिला होता. त्या दिवसांत नाशिकमध्ये रोज लोडशेडिंग असायचं, वीज जायला वीस मिनिटं उरली होती, म्हणून मी टेस्ट सोडून दिल्या. आणि वेग मिळावा म्हणून कम्पायलरला ‘फास्ट-मॅथ’चा पर्याय दिला होता. तो पर्याय कम्पायलरला असं धरून चालायची मुभा देतो की ‘एनएएन’ कधी येणारच नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मात्र जागोजागी ‘एनएएन आलं तर थांब’ अशी तपासणी ठेवलेली होती. कम्पायलरने ती तपासणी निरुपयोगी ठरवून काढून टाकली. एका मुलाचा नऊ दिवसांचा रन मधूनच बिघडला आणि न थांबता शेवटपर्यंत चालत राहिला. त्याने मला फाइल दाखवली तेव्हा खाली खाली सरकवत गेलं तरी पडदाभर एनएएन, एनएएन, एनएएन. मी त्याच संध्याकाळी टेस्ट चालवल्या. अकरा मिनिटांत तीन नापास. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. अकरा मिनिटं मी दिली असती तर त्याचे नऊ दिवस वाचले असते.

आता टेस्ट पास झाल्यानंतरची एक गोष्ट, कारण इथे पुष्कळ जण फसतात. ‘मेक चेक’ बिल्ड फोल्डरातला प्रोग्राम तपासतं. टर्मिनलमध्ये ‘जीएमएक्स’ टाइप केल्यावर तोच प्रोग्राम उघडतो असं नाही. उबुंटूवर पूर्वी कुणी ‘एप्ट’ने, म्हणजे तयार पॅकेजातून, ग्रोमॅक्स घातलेलं असेल, तर तपासलेलं एक आणि वापरलं जातंय दुसरंच, असं होतं. इन्स्टॉल झाल्यावर ‘जीएमएक्सआरसी’ फाइल सोर्स कर, ‘विच जीएमएक्स’ विचार आणि आलेला पत्ता तुझ्याच फोल्डरचा आहे ना ते बघ. मग ‘जीएमएक्स’ला त्याची व्हर्जन विचार. आवृत्ती, प्रिसिजन, सिमडी, ग्राफिक्स कार्ड, कम्पायलर, सगळं तो ओळीने सांगतो. तो मजकूर जसाच्या तसा एका फाइलमध्ये ठेव. प्रबंधात संगणकीय पद्धती लिहिशील तेव्हा तोच लागणार आहे.

राहिले सर. ‘तुमचं चुकलं’ असं म्हणायला जाऊ नकोस. ‘चेकपॉट’मधल्या त्या दोन-तीन ओळी छापून घे, संदर्भाचा आकडा आणि आपला आकडा यांच्याखाली रेघ ओढ आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेव. 98 टक्के ऐकणारा माणूसही ते दोन आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर थांबतो. त्यांना रनपेक्षा विद्यार्थिनीची पदवी जास्त महत्त्वाची असणार, माझा तसा अनुभव आहे.

आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे तुझं संशोधन बरोबर, असंही नाही. तू निवडलेलं फोर्स फील्ड, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणारी सूत्रं, त्या रेणूला साजेसं आहे का, प्रोटीनवरचे हायड्रोजन नीट बसवलेत का, हे कुठलीही टेस्ट सांगणार नाही. तिथे सरांचाच अनुभव कामाला येईल.

प्रश्न : आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. बागेत हवामान यंत्र बसवलंय. डाऊनी रोगाचा धोका कधी वाढतो ते आधी कळावं म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहितोय. ‘पिप’ने नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज घातलं आणि त्याच्या टेस्ट चालवल्या. हजारो पास झाल्या, पण बऱ्याच ‘स्किप्ड’ आणि काही ‘एक्सफेल्ड’ दिसल्या. काढून परत घालू का?
— एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : काढू नका, तुमचं नमपाय ठणठणीत आहे. ‘स्किप्ड’ म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला लागू नसलेल्या टेस्ट. ‘एक्सफेल्ड’ म्हणजे या नापास होतील हे लिहिणाऱ्यांना ठाऊकच आहे, तशी खूण त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. ‘फेल्ड’ आणि ‘एरर’ या दोनच शब्दांवर लक्ष ठेवा. टेस्ट सुरूच झाल्या नसत्या, तर ‘पायटेस्ट’ आणि ‘हायपोथेसिस’ ही दोन पॅकेजं नाहीत असं समजायचं. तुमच्याकडे ती आहेत.

नमपाय तपासलंत, आता स्वतःचा प्रोग्राम तपासा. एका दिवसाच्या दहा नोंदी घ्या, वहीत हाताने सरासरी काढा आणि प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून बघा. त्या दहांत एक नोंद मुद्दाम गाळलेली असू द्या. नमपायची साधी सरासरी, म्हणजे ‘मीन’, एक जरी एनएएन मध्ये आलं तरी उत्तर एनएएन देते. ‘नॅनमीन’ ती नोंद वगळून सरासरी काढते. काही यंत्रं नोंद चुकली की -999 लिहितात. तुमचं तसं करत असेल तर बाकीची नऊ तापमानं 25 असतानाही सरासरी उणे 77.4 येईल. इतकं विचित्र उत्तर निदान डोळ्यांना खुपतं. दर तासाला एक नोंद धरली, तर महिन्याच्या सरासरीत अशी एखादीच नोंद मिसळली की फरक एक-दीड अंशाचा पडतो, तो कुणाला दिसत नाही, आणि फवारणीचा दिवस चुकतो.

प्रश्न : मी नाशिकरोडला कॉलेजात शिकवतो. लॅबमध्ये 30 कॉम्प्युटर आहेत. एकावर सगळी सॉफ्टवेअर घालून, टेस्ट करून, तीच प्रत आम्ही बाकीच्यांवर टाकणार आहोत. प्रत्येकावर पुन्हा टेस्ट चालवायची गरज आहे का? जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे.
— एक प्राध्यापक

उत्तर : गरज आहे, सर. जगभर वापरलं जातं ते जगभरच्या कॉम्प्युटरवर. तुमच्या कॉम्प्युटरची खात्री त्यातून मिळत नाही.

रसायनशास्त्रातलं एक उदाहरण सांगते. 2014 साली ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या चाचणीची, मूल्यं गणिताने काढण्यासाठी पायथनच्या काही स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या आणि अनेकांनी त्या वापरल्या. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ऑरगॅनिक लेटर्स’मध्ये दाखवून दिलं की त्याच स्क्रिप्ट, त्याच फाइली, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि उत्तर वेगळं. कारण अगदी साधं होतं. फोल्डरातल्या फाइलींची यादी क्रमाने लागलेली येईल असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. पायथनचं ‘ग्लोब’ तशी हमी देत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम देईल त्या क्रमाने ते यादी पुढे करतं. यादी आधी क्रमाने लावून घेतली की दोष गेला. एक उदाहरण आणि त्याचं अपेक्षित उत्तर सोबत दिलेलं असतं, तर दुसऱ्या सिस्टीमवर पहिल्याच दिवशी हे दिसलं असतं.

प्रोसेसरवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. 1994 साली अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते. जुने कॉम्प्युटर आणि नवा पेंटियम यांची उत्तरं जुळेनात, म्हणून ते एकेक कारण बाद करत गेले, आणि शेवटी दोष पेंटियमच्या भागाकारात निघाला. 4195835 भागिले 3145727 याचं उत्तर 1.3338 ने सुरू होतं, ती चिप 1.3337 देत होती.

तुमच्या लॅबमध्ये मात्र याहून साधी अडचण येईल. तीस कॉम्प्युटर एकाच वर्षी घेतलेले नसणार. नव्या प्रोसेसरवर कम्पाइल केलेला प्रोग्राम जुन्यावर टाकलात तर तो ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून तिथल्या तिथे बंद पडू शकतो, कारण त्यातल्या काही सूचना जुन्या प्रोसेसरला माहीतच नसतात. म्हणून आधी प्रोसेसरप्रमाणे कॉम्प्युटरचे गट पाडा आणि प्रत्येक गटासाठी वेगळं कम्पाइल करा. टेस्टला माणूस बसवून ठेवावा लागत नाही. शनिवारी लॅब बंद करताना तीसही कॉम्प्युटरवर चालू करून द्या, आउटपुट फाइलमध्ये जाऊ द्या, आणि फाइलच्या नावात कॉम्प्युटरचा क्रमांक व तारीख घाला. सोमवारी दोन विद्यार्थ्यांना त्या तीस फाइली वाचायला बसवा, ‘फेल्ड’ दिसलं की वहीत उतरवायला सांगा. सिस्टीम किंवा कम्पायलर अपडेट झाला की हेच परत करा. ती वही लॅबमध्येच राहू द्या, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना लागेल.